दवंडी, इनाम आणि करार

श्रीगोंदे तालुक्यातील काष्टी हे गाव शनिवारी भरणाऱ्या गुरांच्या बाजारासाठी दूरवर ओळखले जाते. बैलाचा सौदा हा दोघांमधला व्यवहार. उपरण्याखाली बोटे धरून भाव ठरविण्याचा आपल्या बाजारांतील जुना प्रघात तर तिसऱ्याच्या कानी रक्कम जाऊ नये एवढ्यासाठीच. परंतु दावे तोडून गेलेल्या बैलाचा धनी जेव्हा दवंडी पिटवून शोधून आणणाराला इनाम बोलतो, तेव्हा त्याचे वचन ऐकणाऱ्या साऱ्या आलमाला असते, आणि ते स्वीकारणारा कोण हे बैल दाराशी येईपर्यंत खुद्द धन्यालाही ठाऊक नसते.

१८७२ च्या करार अधिनियमाने अशा वचनाला आठव्या कलमात आधार दिला: प्रस्तावातील अटीची पूर्ती हाच त्याचा स्वीकार, आगाऊ होकार कळविण्याची गरज नाही. मात्र प्रस्ताव आधी समोरच्याच्या ज्ञानास आलेला असला पाहिजे.

२२ जून १८९७ च्या रात्री पुण्यात रँड व आयर्स्ट या इंग्रज अधिकाऱ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्यानंतर सरकारने २०,००० रुपयांचे बक्षीस जाहीर केले, आणि गणेश शंकर द्रविड याने तुरुंगातून दिलेल्या माहितीवरून दामोदर चापेकर पकडले गेले. जाहीरनामा, त्याचे ज्ञान, अटीची पूर्ती, सारे यथासांग झाले. पण ज्या कृत्याला कायदा स्वीकार म्हणेल त्याला पुण्याने फितुरी म्हटले, आणि ८ फेब्रुवारी १८९९ रोजी वासुदेव चापेकर व महादेव रानडे यांनी द्रविड बंधूंना गोळ्या घातल्या.

ज्ञानाच्या अटीचा खरा जाच मात्र लालमन शुक्लासारख्या निर्लोभ चाकराला झाला. मालकाचा पुतण्या नाहीसा होताच हा मुनीम कानपूरहून हरिद्वारला गेला. मागाहून ५०१ रुपयांचे इनाम जाहीर झाले, आणि त्याची वार्ता कळण्यापूर्वीच त्याने मुलगा शोधला. त्याला ज्ञान नव्हते, शिवाय शोध हे चाकरीचे कर्तव्यच होते, म्हणून १९१३ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्याचा दावा फेटाळला. निकाल कलमांना धरून आहे हे मान्य करूनही तो मला कठोर वाटतो. कारण जेथे अक्षरओळख मोजक्यांना आणि वार्ता दवंडीच्या आवाक्याइतकीच, तेथे इनाम न ऐकता धावलेला रिक्तहस्त राहतो आणि ऐकून निघालेला हक्कदार ठरतो.

त्याच न्यायालयाने १९२५ साली, हरवलेल्या मुलाला घरी पोचविण्याऐवजी रेल्वे पोलिसांच्या हवाली करून बापाला तार करणाऱ्या माणसाला मात्र, अट साररूपाने पूर्ण झाली असे मानून, जाहीर झालेले ५०० रुपये देवविले.