उत्तराची वाट पाहणारा विद्यार्थी

पत्राद्वारे शिकविण्याची कल्पना आपणांस वाटते तेवढी नवी नाही. १८४० साली इंग्लंडात एका पेनीत पत्र पोहोचू लागले आणि आयझॅक पिटमन यांनी त्याच टपालाने लघुलेखन शिकविण्यास आरंभ केला. १८५८ मध्ये लंडन विद्यापीठाने आपल्या परीक्षा बाहेरच्या उमेदवारांनाही खुल्या केल्या. या इतिहासात उत्तीर्ण झालेल्यांची नावे आढळतात. नाव नोंदवून, पुस्तके मागवून, दोन-तीन स्वाध्याय पाठवून जे गप्प झाले, त्यांची चौकशी मात्र शंभर वर्षे फारशी कोणी केली नाही. आळशी असतील, बुद्धी बेताची असेल, असे म्हणून संस्था मोकळ्या होत. या गळतीचा शोध ज्या अभ्यासकांनी घेतला, त्यांची हकिगत आम्हांला म्हणूनच सांगावीशी वाटते.

नॉर्वेतील एनकेआय या पत्रशाळेत टॉर्स्टाइन रेक्केडाल यांनी १९७३ साली एक अगदी साधा प्रयोग केला. स्वाध्याय टपालात टाकल्यापासून तो तपासून विद्यार्थ्याच्या हाती परत पडेपर्यंत किती दिवस जातात, याकडे त्यांनी लक्ष दिले. एका गटाचे स्वाध्याय नेहमीच्या गतीने परतले, दुसऱ्या गटाचे काही दिवस लवकर. लवकर उत्तर मिळालेल्यांतून अभ्यासक्रम पूर्ण करणारे अधिक निघाले. पाठ तेच होते. फरक होता तो वाट पाहण्याच्या दिवसांचा. पुढे इतर देशांत अशीच पाहणी झाली, तेव्हा निष्कर्ष सर्वत्र सारखे आले नाहीत, हेही नमूद केले पाहिजे.

स्वीडनचे बोर्ये होल्मबर्ग यांचे मत असे की, छापील पाठ वाचताना कोणी आपल्याशी बोलत आहे असे विद्यार्थ्यास वाटले पाहिजे. जर्मनीतील हागेन येथे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही कल्पना कसोटीस लावली. १९८२ साली निकाल आला: संवादरूप पाठ विद्यार्थ्यांना आवडले, परंतु गुणांत निर्णायक फरक दिसला नाही. आपल्याच आवडत्या सिद्धान्ताचा असा अर्धामुर्धा निकाल प्रसिद्ध करणारे संशोधक आम्हांला अधिक विश्वासार्ह वाटतात.

ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठास १९६९ मध्ये सनद मिळाली आणि १९७१ च्या जानेवारीत सुमारे २५ हजार विद्यार्थ्यांनी अभ्यास सुरू केला. तेथे नेओमी मॅकिंटॉश यांनी विद्यार्थ्यांची पद्धतशीर पाहणी केली. १९७६ साली त्यावर ग्रंथ निघाला. प्रारंभी तात्पुरती नोंदणी आणि काही महिन्यांनी पक्की, अशी तेथील रीत होती. मधल्या काळात गेलेल्यांना गळतीत धरायचे की नाही? या एका प्रश्नाच्या उत्तरावर यशाचा आकडा खाली-वर होतो. आकड्यांच्या जाहिराती वाचताना हे ध्यानात असलेले बरे.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ व्हिन्सेंट टिंटो यांनी १९७५ साली मांडले की, महाविद्यालयाच्या अभ्यासाशी व तेथील माणसांशी ज्याचे नाते जुळत नाही तो निघून जातो. परंतु ज्याने महाविद्यालयाचे फाटकही पाहिले नाही, त्याचे काय? १९८९ मध्ये डेव्हिड केंबर यांनी हाच विचार दूरशिक्षणाकडे वळविला. अशा विद्यार्थ्याचे सहाध्यायी म्हणजे त्याचे घर, त्याची नोकरी, त्याचे मित्र. अभ्यासाला त्यांच्यात जागा मिळाली तरच तो टिकतो. आम्हांला हा मुद्दा सर्वांत मोलाचा वाटतो. दिवसभर राबून आलेल्या सुनेने रात्री पुस्तक उघडले असता दिवा कोणी मालवत नाही ना, हा प्रश्न आता विद्यापीठाच्या संशोधनाचा विषय झाला होता. तोपर्यंत अपयशाचा सारा दोष एकट्या विद्यार्थ्याच्या माथी मारला जाई.

आपल्या देशात दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली पत्रद्वारा शिक्षण सुरू केले. १९८५ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आले आणि १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. पहिले कुलगुरू राम ताकवले यांच्या काळात तेथे अभ्यासकेंद्रे उभी राहिली. नुसती पुस्तके पाठवून भागत नाही, जवळपास एखादा समंत्रक भेटला पाहिजे, हे त्यामागचे सूत्र. शालेय शिक्षण अपुरे राहिलेल्यांसाठी पूर्वतयारीचा अभ्यासक्रमही होता.

या शतकाच्या आरंभी ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठात ऑर्मंड सिम्प्सन यांनी जे गळण्याची शक्यता अधिक, अशा विद्यार्थ्यांना अभ्यासक्रम सुरू होण्यापूर्वीच दूरध्वनी करण्याचा प्रयोग पुढे नेला. त्या एका संभाषणाने टिकणाऱ्यांची संख्या थोडी, पण निश्चित वाढली. तिकडे २०१२ पासून हार्वर्ड व एमआयटी यांनी संगणकावरून विनामूल्य अभ्यासक्रम खुले केले. येथे उत्तर तपासण्यास क्षणही लागत नव्हता. सहा वर्षांची आकडेवारी अभ्यासून एमआयटीच्याच संशोधकांनी २०१९ साली लिहिले की, अभ्यासक्रम पुरे करणाऱ्यांचे अल्प प्रमाण वाढलेले नाही आणि बहुतेक विद्यार्थी पहिल्या वर्षानंतर परत आलेच नाहीत. यंत्राने उत्तरे तत्परतेने तपासली. विद्यार्थी येईनासा झाला तेव्हा त्याची विचारपूस करणे हे त्याच्या कामात नव्हते.