हडंब्यात गेलेला हात कोणत्या दप्तरात सापडतो?

सोयाबीनची सोंगणी झाली की वाशीम, रिसोड, मंगरूळपीर भागात सुडीजवळ ट्रॅक्टर लागतो आणि त्याच्यामागे हडंबा. दोघांना जोडणारा फिरता दांडा म्हणजे पीटीओ शाफ्ट. शेतीच्या यांत्रिकीकरणावर काम करायचं असेल तर या दांड्याचा इतिहास जरूर शोधून पाहा. साधनांची खरी अडचण तिथे कळते.

तंत्राची गोष्ट सोपी आहे. अमेरिकेत इंटरनॅशनल हार्वेस्टरने १९१८ च्या सुमारास ट्रॅक्टरला पीटीओ दिला आणि १९२० च्या दशकात तिथल्या कृषी अभियंत्यांनी त्याचा वेग ठरवून टाकला. आजचा प्रचलित वेग मिनिटाला ५४० फेरे, म्हणजे सेकंदाला ९. दांडा साधारण ३५ मिलिमीटर जाड, म्हणजे घेर ११ सेंटिमीटर. आता हिशेब करा: पदराचं टोक अडकलं तर सेकंदाला जवळपास एक मीटर लुगडं गुंडाळलं जातं. इथे ‘जपून’ म्हणून भागत नाही, कारण जपायला वेळच नसतो. दांड्यावर प्लॅस्टिकची नळी हवी, ती नळी फिरू नये म्हणून साखळी हवी, आणि अडकलेलं काड काढण्याआधी इंजिन बंद करून चावी खिशात हवी. पण ऐन हंगामात नळी तुटली तर मळणी थांबवून नवी आणायला कोण जाणार? दर पोत्यावर ठरलेला असतो, तासावर नाही!

कायदा आहे. हरितक्रांतीनंतर उत्तरेत गव्हाच्या मळणीयंत्रांत मजुरांचे हात जाऊ लागले. मग १९७९ मध्ये भारतीय मानकं आली, ज्यांत पेंढी सारायची घसरण किती लांब आणि तिचा किती भाग झाकलेला हवा तेही ठरवलं होतं. १९८३ मध्ये संसदेने धोकादायक यंत्रे (नियमन) कायदा केला, त्यात जखमी मजुराच्या भरपाईचीही तरतूद आहे. माझ्या मते याचा सगळा रोख यंत्राच्या तोंडाकडे राहिला. ट्रॅक्टर आणि हडंबा यांच्यामधला दांडा ना धड याचा, ना धड त्याचा. जिनिंग कारखान्यातला फिरता दांडा मात्र १९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम २१ ने कुंपणात घातलेला आहे. वावराला ते कलम लागत नाही.

मग पुरावा कुठे? मृत्यू झाला तर पोलीस ठाण्यात आकस्मिक मृत्यूची नोंद होते. देशपातळीवरच्या वार्षिक अहवालात ‘कारखाना/यंत्र अपघात’ असा एकच रकाना असतो, त्यातून गिरणी आणि वावर वेगळं काढता येत नाही. हात गेला पण जीव वाचला, तर शोध दवाखान्याच्या मेडिको-लीगल वहीपासून सुरू करावा लागतो. दुसरं दप्तर कृषी खात्याचं: गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत मृत्यूला २ लाख आणि एक अवयव गेल्यास १ लाख मिळतात. पण ती सातबाऱ्यावरच्या खातेदाराला आणि त्याच्या कुटुंबातल्या एकाला. पेंढ्या सारणारी बाई बहुतेक वेळा भूमिहीन, दुसऱ्याच्या शेतावर रोजाने आलेली. त्या फायलींवरून कुणी अपघातांचा इतिहास लिहिला, तर त्यात सगळे शेतमालकच दिसतील. म्हणून आकडे मोजायला बसण्याआधी ती यादी कशासाठी केली होती आणि तिच्यात नाव येण्याचा हक्क कुणाला होता, हे आधी त्या योजनेच्या शासन निर्णयात वाचा.