मोटारीचा जीर्णोद्धार : महाड–पोलादपूरच्या रस्त्यावरून एक विचार

१

जुनी वस्तू पुन्हा उपयोगात आणण्याच्या क्रियेस मराठीत एकच नाव नाही. देवालयाचा जीर्णोद्धार होतो, घराची डागडुजी होते, घड्याळाची दुरुस्ती होते आणि पोथीचे जतन होते. जीर्णोद्धारात पूर्ववैभवाची कल्पना गृहीत असते. दुरुस्तीत केवळ उपयोगाची अपेक्षा असते. डागडुजी वेळ मारून नेते. आणि जतनात वस्तूस शक्य तो हात न लावण्याचा संकल्प असतो. हौसेने जुनी मोटार विकत घेऊन ती पूर्ववत् करणारा मनुष्य यांपैकी नेमके काय करीत असतो? हा प्रश्न वरवर पाहता शाब्दिक वाटेल. परंतु २०२१ साली केंद्र सरकारने जुन्या वाहनांच्या नोंदणीसंबंधी जे नियम केले, त्यांमुळे त्यास व्यवहारातही महत्त्व प्राप्त झाले आहे. प्रस्तुत लेखात महाड–पोलादपूरचा घाटरस्ता समोर ठेवून या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

२

सह्याद्रीच्या पायथ्याच्या या दोन गावांचे जीवन रस्त्याशी बांधलेले आहे. सावित्रीच्या काठचे महाड हे पूर्वीचे व्यापारी ठाणे. तेथून वरंध घाटाने भोरकडे जाता येते. पुढे पोलादपुरास वाट फुटते: एक शाखा कशेडी घाट चढून खेडकडे, म्हणजे गोव्याच्या दिशेने जाते, दुसरी आंबेनळी घाटाने प्रतापगडाच्या पायथ्याजवळून महाबळेश्वरास पोहोचते. (पोलादपूर या नावावरून पोलादाशी संबंध जोडण्याचा मोह होतो, तो पुराव्यावाचून आवरलेला बरा.) १९९८ साली कोकण रेल्वे संपूर्ण सुरू झाली तरी ही दोन्ही गावे लोहमार्गापासून दूरच राहिली, महाडकरांस गाडीसाठी वीर स्थानक गाठावे लागते. साहजिकच चाकाची, टायरची आणि इंजिनाची विद्या ही या भागात चैनीची बाब नसून गरजेची बाब होय.

घाटात मोटारीची परीक्षा चढणीपेक्षा उतरणीवर होते. जुन्या गाड्यांस बहुधा ड्रम ब्रेक असत. लांब उतारावर सतत ब्रेक दाबल्यास घर्षणाने ड्रम तापतो व प्रसरण पावतो. आतील अस्तराची पकड उष्णतेने कमी होते. आणि पाय पूर्ण दाबूनही गाडी आवरत नाही. म्हणून ज्या गिअरमध्ये चढावयाचे त्याच गिअरमध्ये उतरावयाचे, हा जुन्या चालकांचा नियम. तो इंजिनाच्या रोधाचा उपयोग करून घेतो व शास्त्रशुद्ध आहे.

३

आपल्याकडील जुन्या मोटारींचा इतिहास त्यांच्या कारखान्यांपेक्षा त्यांच्या दुरुस्तीने अधिक घडविला. याचे कारण आर्थिक धोरणात सापडते. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत सुट्या भागांची जुळणी करून गाड्या तयार करण्याचे काम सुरू केले होते. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही संस्था स्थापिली व तिचा कारखाना कुर्ल्यास उभा राहिला. १९५३ साली टॅरिफ कमिशनच्या शिफारशीनंतर ज्यांचा देशात प्रत्यक्ष उत्पादनाचा कार्यक्रम नाही अशा जुळणी कंपन्यांस येथे स्थान उरले नाही. जनरल मोटर्सने १९५४ साली काम आवरले. यापुढे अनेक वर्षे भारतीय ग्राहकापुढे मुख्यत्वे तीनच घरे उरली: कलकत्त्याकडील हिंदुस्थान, मुंबईची प्रीमियर आणि मद्रासची स्टँडर्ड.

या स्थितीत परदेशी गाडी बाळगणाऱ्यास सुटे भाग मिळेनात. मोडलेला भाग मागविता येत नाही, तेव्हा तो घडवावा लागतो. बुशिंग खरादावर कातले गेले, एका गाडीचा पिस्टन दुसरीत बसला, पेट्रोलच्या महागाईने कित्येक थोराड अमेरिकन गाड्यांत डिझेल इंजिने आली. दुरुस्ती करणारा कारागीर अशा रीतीने निर्माता झाला. आज हौशी ग्राहकाच्या हाती येणारी गाडी ही बहुधा या दीर्घ परंपरेचे फलित असते.

४

या परंपरेची साक्ष तिच्या शब्दसंग्रहात मिळते. गाडीची ‘चावी’ आणि ती दुरुस्त करणारा ‘मेस्त्री’ हे दोन्ही शब्द पोर्तुगीजांतून आलेले, म्हणजे मोटारीपेक्षा कितीतरी जुने. पाना, पक्कड, कानस, ऐरण ही अवजारे, तसेच ‘डाख देणे’, ‘पत्रा ठोकणे’, ‘लांबी भरणे’ हे प्रयोग लोहार, तांबट, सुतार व रंगारी यांच्या धंद्यांत रुळलेले होते. मोटारीने ते उचलले.

इंग्रजीतून आलेल्या शब्दांत दोन विशेष लक्षणीय आहेत. जादा चाकास आपण ‘स्टेपनी’ म्हणतो. वेल्समधील लनेली गावच्या डेव्हिस बंधूंनी १९०४ च्या सुमारास पंक्चर झालेल्या चाकावर तात्पुरती अडकविता येईल अशी हवा भरलेली कड तयार केली. त्यांचे दुकान स्टेपनी स्ट्रीटवर होते, त्यावरून हे नाव पडले. ती वस्तू नाहीशी झाली, नाव आपल्याकडे राहिले. ‘डिकी’ची कथा तशीच. दोन आसनी हौशी गाड्यांच्या मागे एक झाकण असे. ते उघडले की उघड्यावर बसण्याची जादा जागा मिळे. तिला इंग्रजीत डिकी म्हणत. ती बैठक लोपली, परंतु सामान ठेवण्याच्या जागेस आपण तेच नाव देतो. पोलादपुराहून भाताची पोती डिकीत घालून नेणारा गृहस्थ नकळत एका लुप्त स्पोर्ट्स गाडीचे स्मरण करीत असतो. मूळ वस्तू जाऊन तिचा अर्थ नव्या वस्तूवर बसणे हे भाषेत नित्य घडते. कार्यशाळेत सुट्या भागांचेही तेच होते.

५

प्रत्यक्ष खरेदीत हौशी मनुष्याने प्रथम काय पाहावे? रंग व क्रोमची झळाळी सर्वांत शेवटी. आधी चासीवरील व इंजिनावरील क्रमांक नोंदणीपुस्तकाशी ताडून पाहावेत. कागद जुळत नसतील तर पुढील सर्व खर्च व्यर्थ होय. नंतर दरवाज्याखालचा पत्रा, तळ आणि चासीचे जोड तपासावेत. कोकणातील पावसात गंज बाहेरून दिसत नाही. तो लांबीच्या थराखाली वाढतो. लोहचुंबक पत्र्यास चिकटतो व लांबीस चिकटत नाही, एवढी साधी कसोटीही पुष्कळ सांगून जाते. जुलै २०२१ च्या महापुरात महाड शहर पाण्याखाली गेले होते. अशा पुरात बुडालेल्या गाडीच्या पोकळ भागांत गाळ बसतो, वायरिंग आतून कुजते. वरून केलेला रंग हे लपवू शकतो.

कोणती गाडी घ्यावी यावर श्रमाचे स्वरूप अवलंबून असते. ब्रिटनमध्ये १९४५ ते १९४९ या काळात बनलेली एम. जी. टी. सी. ही दोन आसनी गाडी स्पोर्ट्स गाड्यांत आदर्श मानली जाते. तशा सुमारे दहा हजार निघाल्या. तिच्या पत्र्याआड ॲश लाकडाची चौकट असते. ते लाकूड आपल्याकडचे नव्हे. कुजलेल्या जागी आपल्या सुताराने साग बसविला, तर गाडी मूळची राहिली की नाही?

मध्यमवर्गीय हौशास अधिक आवाक्यातली गाडी म्हणजे स्टँडर्ड हेराल्ड. मिकेलोत्ती या इटालियन आरेखकाने रूप दिलेली ट्रायम्फ हेराल्ड १९५९ साली इंग्लंडात आली आणि १९६१ पासून १९७१ पर्यंत मद्रासेस तयार झाली. तिचाच सांगाडा आखूड करून पुढे ट्रायम्फ स्पिटफायर ही स्पोर्ट्स गाडी निघाली, म्हणून हेराल्डला त्या कुळातली म्हणण्यास प्रत्यवाय नाही. चासी वेगळी असल्याने शरीर सुटे करून काम करता येते. पुढील पंखांसह सर्व बोनेट उचलले जाते. आणि सुमारे पंचवीस फुटांच्या वर्तुळात ती वळते, हा आंबेनळीसारख्या नागमोडी घाटात मोठाच गुण. परंतु तिच्या मागील चाकांची रचना अशी की वेगात वळण घेताना एकाएकी ॲक्सिलरेटर सोडल्यास बाहेरचे चाक आत दुमडून गाडी भरकटू शकते. हा दोषही मूळचाच आहे. जुन्या ब्रेकअस्तरांतील ॲस्बेस्टॉसही मूळचेच होते. त्याची धूळ फुप्फुसांस घातक असते. मूळ असेल ते सर्व राखावे, हा नियम येथे टिकत नाही.

महाडजवळ सावित्रीवरील दगडी पूल १९२८ सालचा होता. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री तो पुरात कोसळला आणि दोन एस. टी. गाड्यांसह त्यावरील प्रवासी वाहून गेले. पुढील वर्षी तेथे नवा पूल झाला. जुनेपणा हा आदराचा विषय असला तरी सुरक्षिततेचा दाखला नव्हे, हे या प्रदेशास वेगळे सांगावयास नको.

६

जुलै २०२१ च्या नियमांनुसार प्रथम नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक जुनी खाजगी दुचाकी वा मोटार, जी मूळ रूपात राखली आहे आणि जिच्या चासीत, कायेत किंवा इंजिनात भरीव फेरफार झालेला नाही, ती ‘विंटेज’ ठरते. तिच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. नव्या नोंदणीस वीस हजार रुपये शुल्क असून तिची मुदत दहा वर्षे असते. अशी गाडी नित्य वा धंद्याच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही; प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, विंटेज रॅली, इंधन व देखभाल यांपुरतीच मोकळीक आहे. सर्वच मद्रासी हेराल्ड आता वयाच्या अटीत बसतात. अडचण ‘मूळ रूप’ या शब्दांची आहे. ज्या दुरुस्त्यांमुळे गाडी पन्नास वर्षे जगली, त्याच दुरुस्त्या तिला या व्याख्येबाहेर लोटू शकतात.

अशाच पेचास आपल्याकडील पाठचिकित्सकांनी तोंड दिलेले आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली आरंभिलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ साली पूर्ण झाली. तिच्या संपादकांनी प्राचीनतम पाठ निश्चित करून वर छापला. परंतु नंतरचे पाठभेद फेकून दिले नाहीत, ते तळटीपांत व परिशिष्टांत जतन केले. मोटारीच्या जीर्णोद्धारासही हीच शिस्त लावता येईल. मूळ भाग शक्य तेथे परत बसवावा. काढलेला देशी भाग भंगारात न देता खूण करून ठेवावा. कोणता भाग, केव्हा, कोणत्या धातूचा, कोणत्या कारणाने बदलला याची वही ठेवावी. आणि ब्रेक, अस्तरे व टायर यांत मूळ रूपापेक्षा प्राणरक्षणास अग्रस्थान द्यावे. त्या वहीत मेस्त्रीचे नाव आणि त्याने वापरलेला शब्दही लिहावा. मुंबईच्या रस्त्यांवरून प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. तिच्या दुरुस्तीवर हात बसलेले कारागीरही आता वृद्ध होत आहेत. हातोडीच्या ठोक्याने पत्र्याचा बाक परत आणण्याची विद्या ग्रंथांत नाही. सुटा भाग एखादे वेळी परदेशाहून मागविता येतो. ही विद्या आणि तिची मराठी परिभाषा मात्र हौशी मालकांच्या अशा नोंदींतूनच पुढे जाऊ शकेल.