काळूकाठचे टिटवाळे आणि कल्याणची पायवाट

‘तीर्थ’ या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ नदी ओलांडण्याची जागा, म्हणजे मराठीत ज्याला ‘उतार’ म्हणतात ती, असा आहे. तरून जाणे या अर्थाच्या ‘तॄ’ धातूपासून तो सिद्ध झाला आणि पवित्र स्थळ हा अर्थ त्याला पुढे येऊन चिकटला. ठाणे जिल्ह्याच्या मध्यभागातील देवस्थानांचा इतिहास पाहताना हा मूळ अर्थ नजरेआड करता येत नाही. राजमाचीच्या डोंगरांतून निघून कर्जत, बदलापूरवरून येणारी उल्हास, तिला मिळणारी काळू, काळूला मिळणारी भातसा आणि अंबरनाथवरून येऊन कल्याणपाशी खाडी गाठणारी लहानशी वालधुनी या प्रवाहांनी हा मुलूख असा काही कापून ठेवला आहे की, पूल नव्हते तेव्हा देवाला निघालेल्या कुटुंबाला कोणत्या ना कोणत्या पाण्याच्या काठाशी थांबून पलीकडे जाण्याचा विचार करावाच लागे. टिटवाळा हे गाव यांपैकी उल्हास आणि काळू या दोन नद्यांच्या दुआबात, म्हणजे दोन प्रवाहांमधल्या पट्ट्यात, काळूच्या डाव्या अंगाला वसले आहे. कल्याणहून तेथे जाणाऱ्याला उल्हास ओलांडावी लागते आणि काळूपलीकडच्या रुंदे, फळेगाव या गावांहून येणाऱ्याला काळू.

या मुलखात पायी येणाऱ्या-जाणाऱ्यांची वर्दळ टिटवाळ्याच्या कीर्तीपेक्षा कितीतरी जुनी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक नौकानयन-ग्रंथात कल्याणचा ‘कल्लिएना’ असा उल्लेख येतो, तर कान्हेरीच्या बौद्ध लेण्यांतील दानलेखांत कल्याणच्या व्यापाऱ्यांची नावे सापडतात. बंदराच्या गावातील गृहस्थ आपल्या मिळकतीचा वाटा डोंगरातल्या विहारांना देत होते, आणि दान देणारा तेथवर जातही असणार. सहाव्या शतकात कॉस्मास हा प्रवासी कल्याणला ख्रिस्ती धर्मगुरू असल्याचे नोंदवतो. गावात देव कोणाचेही असोत, त्या सर्वांना आणणारा रस्ता खाडीचा होता.

दगडावर कोरलेली निश्चित तिथी मात्र या परिसरात वालधुनीच्या काठी मिळते. अंबरनाथचे शिवालय उत्तर कोकणच्या शिलाहार राजांनी बांधले. छित्तराजाच्या काळात त्याचा आरंभ झाला आणि त्याचा भाऊ मुम्मुणी, ज्याला लेखात ‘माम्वाणि’ म्हटले आहे, त्याच्या काळात ते पूर्णत्वास गेले, असे सामान्यतः मानले जाते. उत्तरद्वाराच्या आतील बाजूस असलेल्या लेखातील शकवर्ष एकोणिसाव्या शतकातील आरंभीच्या वाचनात ७८२ असे लावले गेले होते; नंतरच्या अभ्यासकांनी ते ९८२, म्हणजे इ.स. १०६०, असे दुरुस्त केले. एका अंकाच्या वाचनाने देवळाचे वय दोनशे वर्षांनी घटले, तरी त्याच्या भव्यतेत काही उणे पडले नाही. हे देऊळ भूमिज शैलीचे आहे. या शैलीत शिखराच्या चारी बाजूंना मधोमध वर चढत जाणारी पट्टी असते आणि त्या पट्ट्यांच्या मधल्या जागेत लहान लहान शिखरप्रतिकृतींच्या ओळी रचलेल्या असतात. मंडपातून पायऱ्या उतरून गाभाऱ्यात जावे लागते, त्यामुळे दर्शनाला आलेला माणूस चढत नाही, भूमीच्या पोटात उतरतो. महाशिवरात्रीला येथे मोठी जत्रा भरते. तरीही, इतका स्पष्ट लेख आणि इतके थोर शिल्प असूनही, उपनगरी कुटुंबाच्या महिन्याच्या दिनक्रमात अंबरनाथला ते स्थान मिळाले नाही जे टिटवाळ्याला मिळाले. टिटवाळ्याकडे असा शिलालेख नाही, शिल्पवैभव नाही; त्याच्याकडे एक कथा आहे, एक तळे आहे आणि स्थानकापासून देवळापर्यंतचा एक रस्ता आहे.

कथा शकुंतलेची आहे. स्थानिक परंपरेनुसार कण्व ऋषींचा आश्रम याच परिसरात होता. दुर्वासांच्या शापामुळे दुष्यंताने ओळख नाकारली तेव्हा कण्वांनी शकुंतलेला गणेशाची उपासना सांगितली, त्या उपासनेने पतीशी तिचे पुन्हा मीलन झाले, आणि म्हणून येथील सिद्धिविनायक महागणपती ‘विवाहविनायक’ म्हणूनही ओळखला जातो. कथेचा हा धागा काटेकोरपणे तपासला तर तो ताणला जातो. कालिदासाने कण्वाश्रम मालिनी नदीच्या काठी, हिमालयाच्या पायथ्याशी कल्पिला आहे; जळगाव जिल्ह्यात गिरणेकाठच्या कानळद्यालाही कण्वाचा आश्रम दाखवला जातो; आणि शापाचा प्रसंग महाभारतातील मूळ कथेत नाही, तो नाटकाने घातलेला आहे. तेव्हा टिटवाळ्याची कथा ज्यांनी सांगितली त्यांच्यापर्यंत नाटकातली शकुंतला पोहोचली होती, महाभारतातली नव्हे, एवढे अनुमान काढण्यास हरकत नाही. एकच आश्रम तीन नद्यांच्या काठी असणे हा परंपरेच्या दृष्टीने दोष ठरत नाही. ज्या गावाला नदी आहे, झाडी आहे आणि लेकीच्या संसाराची काळजी आहे, त्याला कण्वाची गरज असतेच.

या कथेचा नदीशी असलेला संबंध मात्र वरवरचा नाही. कालिदासाच्या नाटकाच्या चौथ्या अंकात सासरी निघालेल्या शकुंतलेबरोबर आश्रमातील सगळी माणसे चालत जातात आणि तळ्याच्या काठाशी आल्यावर कण्वांचा शिष्य त्यांना आठवण करून देतो की, आप्ताची सोबत पाणी लागेपर्यंतच करायची असते, तेव्हा निरोप येथेच द्यावा. हरवलेली अंगठीही पाण्यातच पडलेली असते. म्हणजे घरच्या माणसांनी मिळून पाण्याच्या काठापर्यंत पायी जाणे हा या आख्यानाचा एक कणाच आहे, आणि लग्न ठरावे म्हणून, ठरले म्हणून किंवा नुकतेच झाले म्हणून आईवडील, मावश्या-आत्या आणि भावंडांसह टिटवाळ्याच्या तळ्याकाठी येणारे कुटुंब, कथेची फारशी चिकित्सा न करता, तिचा आकार बरोबर गिरवत असते.

ऐतिहासिक काळाकडे वळल्यावर पेशवाईतील परंपरा समोर येते. तिच्यानुसार मूळ देऊळ तळ्यात गडप झाले होते. थोरल्या माधवराव पेशव्यांच्या काळात दुष्काळ पडला, गावाला पाणी मिळावे म्हणून तळ्यातील गाळ उपसण्याचे काम सरदार रामचंद्र मेहेंदळे यांच्या देखरेखीखाली निघाले आणि त्या गाळात गणेशमूर्ती सापडली. वसईच्या विजयानंतर पेशव्यांनी देऊळ उभारले अशी जोडही या परंपरेला दिली जाते, आणि येथे कालक्रम आडवा येतो: वसई चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये जिंकली, माधवराव १७६१ ते १७७२ या काळात पेशवे होते, आणि वसई पडली तेव्हा त्यांचा जन्मही झालेला नव्हता. दोन वेगळ्या पिढ्यांच्या आठवणी एका देवळाच्या पायात एकत्र झाल्या असाव्यात. माधवरावांची गणेशभक्ती सर्वश्रुत आहे, त्यांचा अंतही थेऊरच्या चिंतामणीच्या सान्निध्यात झाला, त्यामुळे कोकणातील गणपतीचे श्रेय त्यांच्या नावावर जमा होणे स्वाभाविक होते. परंपरेतील सर्वांत विश्वसनीय भाग बहुधा सर्वांत साधा आहे: दुष्काळ, तळे आणि गाळ. जुनी तळी उपसताना मूर्ती सापडल्याच्या घटना महाराष्ट्रात अनेक ठिकाणी घडल्या आहेत, आणि पाण्यासाठी खणावे नि देव लागावा या क्रमात अविश्वसनीय असे काही नाही.

कल्याण १७८० मध्ये इंग्रजांच्या हाती गेले. त्यानंतरच्या काळात टिटवाळ्याचे भाग्य पालटले ते लोहमार्गाने. बोरीबंदर ते ठाणे ही गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली, १ मे १८५४ रोजी मार्ग कल्याणला पोहोचला आणि १ ऑक्टोबर १८५५ रोजी वासिंदपर्यंत गेला. कल्याण-वासिंद हाच तो टप्पा ज्यावर शहाड, आंबिवली आणि टिटवाळा येतात. हा मार्ग आखणाऱ्यांच्या मनात थळ घाट आणि त्यापलीकडचा कापूस होता, गणपती नव्हता. पण उल्हास आणि काळूवर पूल बांधून त्यांनी नकळत दोन उतारांचे काम संपवले. पुढे १९३० पर्यंत मार्गाचे विद्युतीकरण झाले, आणि मुंबईपासून सुमारे ६४ किलोमीटरवरचे हे गाव उपनगरी गाड्यांच्या जाळ्यात आले.

या बदलाचा परिणाम संकष्टी चतुर्थीच्या व्रतावरून नेमका समजतो. प्रत्येक चांद्रमासाच्या वद्य पक्षातील चतुर्थीला दिवसभर उपवास करून रात्री चंद्रोदयानंतर तो सोडायचा, असे हे व्रत आहे. ती चतुर्थी मंगळवारी आली की तिला ‘अंगारकी’ म्हणतात, आणि असा योग वर्षातून एखाद-दोनदा, क्वचित तिसऱ्यांदा येतो. वद्य चतुर्थीचा चंद्र रात्री साडेआठ ते दहाच्या आसपास उगवतो. तोपर्यंत घरी मोदकांचा नैवेद्य तयार हवा, आणि तो करणारी बाई बहुतेक घरांत तीच असते जिचा उपवास असतो. कल्याणहून टिटवाळा दहा-अकरा किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन वीस-बावीस. एवढे अंतर चालून, रांगेत उभे राहून, पुन्हा चुलीपाशी येणे घर चालवणाऱ्या बाईला दर महिन्याला शक्य नव्हते. लोकलने ते शक्य केले. अष्टविनायकांत गणना नसलेल्या, दानलेख किंवा थोर ग्रंथांचा आधार नसलेल्या या गणपतीला ठाणे, डोंबिवली, कल्याणच्या बिऱ्हाडांनी महिन्याचा देव केला, तो या वेळापत्रकाच्या बळावर. नियमाने जाणारे याला ‘संकष्टीची वारी’ म्हणतात. वारी म्हणजे ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा केलेली फेरी, आणि पंढरपूरच्या वाटेवरचा हा शब्द येथे मासिक पासाच्या डब्यात येऊन बसला आहे.

गाडीने चालणे संपवले मात्र नाही, आखूड केले. स्थानकापासून देवळापर्यंतचे दीड-दोन किलोमीटर हीच आता यात्रा झाली. एकेकाळी येथे टांगे उभे असत, आज रिक्षा असतात, तरी गर्दीच्या दिवशी पायी जाणेच सोयीचे पडते. वाटेत हार, दूर्वांच्या जुड्या, जास्वंद, नारळ आणि पेढे यांची दुकाने लागतात. पुढे चालणारे मूल खेळण्याच्या दुकानाशी अडते, मागून येणारी आजी सावलीच्या ओट्यावर टेकते, आणि कुटुंबाची रांग लांबते नि पुन्हा जुळते. देवळापाशी आल्यावर तळे दिसते. टिटवाळ्याला नदीकाठचे क्षेत्र म्हणतात खरे, पण भाविकाला प्रत्यक्ष भेटते ते हे तळे; काळू गावाच्या कडेने वाहत राहते, आणि दर्शन उरकून परतणाऱ्या बहुसंख्य कुटुंबांनी ती फक्त नावाने ऐकलेली असते.

लांब चालण्याची हौसही पूर्ण मावळलेली नाही. अंगारकीच्या आदल्या रात्री कल्याण-डोंबिवलीतून मित्रमंडळी आणि घरची माणसे गटागटाने टिटवाळ्याला चालत निघतात. एक वाट शहाड, मोहने, आंबिवलीवरून रुळांच्या संगतीने जाते, दुसरी मुरबाड रस्त्याने रायते येथे उल्हास ओलांडून गोवेलीवरून वळते. आषाढी एकादशीला अशीच पावले शहाडच्या बिर्ला मंदिरातील विठ्ठलाकडे वळतात, ज्याला पंचक्रोशीत प्रतिपंढरपूर म्हणण्याची रीत पडली आहे. पंढरपूर गाठणे ज्यांच्या नोकरीत बसत नाही त्यांची एकादशी कारखान्याच्या शेजारी, उल्हासपासून हाकेच्या अंतरावर साजरी होते. डोंबिवलीच्या गणेश मंदिरापासून १९९९ मध्ये सुरू झालेली गुढीपाडव्याची स्वागतयात्रा पुढे राज्यभर पसरली. पण तिला पाणी नाही, काठ नाही, गाठायचे दुसरे गाव नाही, त्यामुळे तिला पदयात्रेपेक्षा मिरवणुकीच्या कुळातच धरावे लागेल.

कल्याण-डोंबिवली महानगरपालिका १९८३ मध्ये स्थापन झाली आणि मांडा-टिटवाळा आज तिच्या हद्दीत आहे, म्हणजे कल्याणचा माणूस आता तीर्थयात्रेसाठी स्वतःच्याच शहरात जातो. मोहन्यापाशी उल्हासच्या पात्रात जलपर्णी साचते. त्याच परिसरातून शहराचे पिण्याचे पाणी उचलले जाते. काळू मात्र अजून आपल्या जुन्या स्वभावाने वागते. पावसाळ्यात तिला पूर आला की टिटवाळ्याजवळचा रुंदे पूल पाण्याखाली जातो, पलीकडच्या गावांचा रस्ता तुटतो, आणि गणपतीला किंवा बाजाराला निघालेली माणसे पाणी उतरण्याची वाट पाहत काठावर उभी राहतात.