तांडा गेला, पाय राहिले

बुलडाण्यात माझ्या कारवानी कुत्र्याकडे पाहून लोक हमखास विचारतात, "याला खायला देत नाही का हो?" खोल छाती, पाठीला लागलेलं पोट, लांबलचक पाय. हे शरीर पिढ्यान् पिढ्या पळण्यासाठीच घडवलं गेलंय.

आपल्याकडे कुत्र्याच्या खेळाचा विचार जुना आहे. लोणारचं दैत्यसूदन मंदिर चालुक्यकाळातलं मानलं जातं. चालुक्यांच्याच कल्याणी शाखेतल्या सोमेश्वर तिसऱ्याने ११३०च्या सुमारास 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला. त्यात राजाने मन रमवण्याचे वीस विनोद सांगितलेत, आणि त्यातला एक आहे 'सारमेयविनोद', म्हणजे कुत्र्यांसोबतचा खेळ.

पण कारवानी हे नाव राजवाड्यातून आलेलं नाही. ते आलं कारवांवरून, लमाणांच्या तांड्यांवरून. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून तांडा चालायचा, कुत्रं सोबत चालायचं. दिवसा ससा धरायचं, रात्री राखण करायचं. त्याला 'व्यायाम' द्यावा, असं कुणाच्या डोक्यातही आलं नसेल.

मग मलकापूर, नांदुरा, शेगावमार्गे रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोचली. गाडीपुढे बैलांच्या वाहतुकीचा टिकाव लागेना. हळूहळू तांडे स्थिरावले. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारही बंद झाली, आणि ते योग्यच झालं. कुत्र्याची दोन्ही कामं गेली. पाय मात्र तसेच राहिले. याच्याच जवळच्या मुधोळ हाऊंडचं २००५ मध्ये टपाल तिकीट निघालं, पण तिकिटाने कुत्र्याचे पाय थोडेच मोकळे होतात!

असं कुत्रं दिवसभर साखळीला राहिलं की जमीन उकरतं, दोर कुरतडतं, रात्रभर भुंकतं. मोकळं सोडलं तर पळणाऱ्या शेळीमागे लागतं. आमच्या गल्लीतले एक आजोबा मला स्पष्टच म्हणाले, "बाबू, एक तर बांध, नाही तर देऊन टाक."

मी तांड्याचाच दिवस तुकड्यांत वाटून घेतला. सूर्य उगवायच्या आत कुंपणाच्या रिकाम्या वावरात चार-पाच जोरदार धावा. ही जात वेगाची आहे. मग लांब दोरीवर धुऱ्याधुऱ्याने चालणं. तिथे घाई करायची नाही, प्रत्येक झुडूप त्याला हुंगू द्यायचं. संध्याकाळी जुन्या पोत्यात भाकरीचे तुकडे लपवायचे. ते शोधताना त्याचं डोकंही दमतं. उन्हाळ्यात डांबरावर आधी आपला तळहात ठेवून बघायचा. आपल्याला चटका बसला तर त्याच्या पंजालाही बसणार. आणि ज्ञानगंगा अभयारण्याकडे त्याला न्यायचंच नाही. तिथल्या हरणांनी त्याचं काय बिघडवलंय?

या सगळ्याला रोज तासभर जातो. गल्लीतल्या शेळ्या सुखरूप आहेत, आणि आजोबा आता कुत्र्यासाठी शिळी भाकर राखून ठेवतात.