मुलालाच विचारलं तर?

'या वयात असं व्हायचंच!' वयात येणाऱ्या मुलांबद्दल हे वाक्य आपल्याकडे घरोघरी ऐकू येतं. पण त्यात तथ्य किती? याचा शोध कुणीतरी घेतलाय, आणि त्याची गोष्ट मला फार आवडते. म्हणून इथे मांडतेय.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ आइल ऑफ वाइट नावाचं बेट आहे. १९६४-६५ मध्ये मानसोपचारतज्ज्ञ मायकेल रटर आणि त्यांचे सहकारी तिथे गेले. तोवर मुलांच्या मनोविकारांची माहिती बहुतेक दवाखान्यात आलेल्या मुलांवरून जमवलेली असायची. जी कधी आलीच नाहीत, त्यांचं काय? रटरनी दवाखान्याऐवजी अख्खं बेटच अभ्यासाला घेतलं. १० ते ११ वर्षांची सुमारे २२०० मुलं! आधी आईवडील आणि शिक्षकांकडून प्रश्नावल्या भरून घेतल्या. मग ज्यांच्याबद्दल शंका आली, त्या मुलांशी स्वतंत्रपणे बोलणं. जवळपास ७ टक्के मुलांना मानसिक विकार असल्याचं आढळलं.

हीच मुलं १४-१५ वर्षांची झाल्यावर पुन्हा पाहणी झाली. १९७६ मध्ये तिचे निष्कर्ष आले. बहुतेक मुलांचं आईवडिलांशी बरं जमत होतं. मनोविकारांचं प्रमाणही पूर्वीपेक्षा थोडंसंच वाढलं होतं. म्हणजे 'वादळी वय' ही बरीचशी अतिशयोक्ती. पण गंमत पुढेच आहे. गंमत कसली, चटका लावणारी गोष्ट. कित्येक मुलांनी आपण आतून फार उदास असल्याचं सांगितलं, आणि आजूबाजूच्या मोठ्यांना बरेचदा त्याचा पत्ताच नव्हता.

आपलं ते वाक्य इथे दोन्हीकडून फसतं. आदळआपट करणारं पोर निदान नजरेत तरी येतं. गप्प बसणारं मात्र 'किती समंजस' म्हणून कौतुकाचं धनी होतं!

विचारायचं म्हटलं, तर आपल्याला भीती वाटते. जिवाचं बरंवाईट करण्याचा विषय काढला आणि तोच मुलाच्या डोक्यात बसला तर? २००५ मध्ये मॅडलिन गूल्ड यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या सहा शाळांमध्ये दोन हजारांहून जास्त मुलांवर नेमकं हेच तपासलं. असा प्रश्न विचारल्याने मुलांचा त्रास वाढल्याचं किंवा तसे विचार बळावल्याचं दिसलं नाही.

आपल्याकडे २०१५-१६ मध्ये बंगळुरूच्या निम्हान्सने राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. त्यात १३ ते १७ वयोगटात हे प्रमाण ७.३ टक्के निघालं. सर्वेक्षणातल्या १२ राज्यांमध्ये महाराष्ट्र नव्हता. पण म्हणून आपली मुलं वेगळी ठरतात असं थोडंच आहे? पन्नास मुलांच्या वर्गाला हा आकडा लावला, तर तीन-चार मुलं होतात.

रटरच्या चमूकडे काही जादू नव्हती. मुलाला एकट्याला बसवून सरळ विचारायचं, आणि ते बोलत असताना मध्ये उपदेश करायचा नाही. मला वाटतं, यातलं दुसरंच आपल्याला जास्त जड जातं.