लिहिलेल्या ग्रंथाची किल्ली बदलताना : महानुभावांची सकळ लिपी आणि डेटाबेसचा पासवर्ड

प्रस्तावना

सातारा जिल्ह्यातील म्हसवड ज्या माण तालुक्यात आहे, त्याला लागूनच फलटण तालुका आहे. महानुभाव पंथाच्या पंचकृष्णांपैकी श्रीचक्रपाणी यांचे जन्मस्थान म्हणून फलटणला पंथीयांत मोठे स्थान आहे. याच पंथाने आपले ग्रंथ कित्येक शतके सांकेतिक लिपींत लिहून जतन केले. त्यामुळे, आधीच भरलेल्या डेटाबेसचा पासवर्ड कसा बदलावा, हा आज संगणकशास्त्रात विचारला जाणारा प्रश्न मराठी ग्रंथव्यवहाराला सर्वस्वी नवा नाही. प्रस्तुत लेखात सकळ लिपीच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

मराठीचा आग्रह आणि लिपीचे कुलूप

श्रीचक्रधरांनी धर्मनिरूपणासाठी मराठी भाषा स्वीकारली. त्यांच्यानंतर पंथाची धुरा वाहणाऱ्या नागदेवाचार्यांनीही संस्कृतज्ञ शिष्यांसमोर मराठीचाच आग्रह धरला, कारण संस्कृतात लिहिल्यास पंथातील सामान्य स्त्रिया ज्ञानाला मुकल्या असत्या. म्हाइंभटांचे 'लीळाचरित्र' तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात सिद्ध झाले ते याच भूमिकेतून. पुढे चौदाव्या शतकात रवळोव्यासांनी सकळ लिपी निर्माण केली, अशी पंथाची परंपरा आहे. आयांबायांना कळावे म्हणून ज्या भाषेत ग्रंथ रचले गेले, त्याच भाषेतील ग्रंथ अशा रीतीने अदीक्षितांना वाचता येईनासे झाले. हा विरोधाभास केवळ गुप्ततेच्या हौसेतून आला असे म्हणणे अन्यायाचे होईल. खालशाच्या धाडीत लीळाचरित्राची मूळ प्रत नष्ट झाली व शिष्यांच्या स्मरणातून पाठ पुन्हा जुळवावे लागले, अशी आठवण ज्या समाजाने जपली, त्याला ग्रंथरक्षणाची चिंता वाटणे स्वाभाविक होते.

किल्ली आणि रीत यांचा अभेद

सकळ लिपीत नागरी अक्षराच्या जागी दुसरे अक्षर किंवा चिन्ह योजलेले असते. कोणत्या अक्षराऐवजी काय लिहायचे, याचा तक्ता हीच तिची किल्ली. हा तक्ता ज्याला कळला त्याला त्या लिपीतील प्रत्येक पोथी उघडी होते, मग ती फलटणच्या मठातील असो वा पंथ जेथपर्यंत पोहोचला त्या पंजाब-पेशावरकडील असो. ऑग्युस्त केरखॉफ्स यांनी १८८३ साली सैनिकी संकेतलेखनाच्या अटी मांडल्या. रीत शत्रूच्या हाती पडली तरी अडचण होऊ नये आणि किल्ली इच्छेनुसार बदलता यावी, या त्यांतील दोन प्रमुख अटी होत. सकळ लिपीत रीत आणि किल्ली वेगळ्या नाहीत, म्हणून तिची किल्ली बदलणे म्हणजे नवी लिपीच घडवणे. सुंदरी, पारमांडल्य, वज्र, सुभद्रा, अंक, शून्य अशा अनेक लिप्या पंथात आढळतात. त्यांच्या या संख्येमागे प्रत्येक शाखेला आपली स्वतंत्र किल्ली हवी असणे, हेही एक कारण असावे असे अनुमान करता येते.

तथापि नवी लिपी घडवल्याने जुनी पोथी बदलत नाही. तिच्यातील मजकूर नव्या लिपीत आणायचा तर दोन्ही तक्ते जाणणाऱ्या लेखकाने आधी जुन्या किल्लीने पान वाचायचे आणि मग नव्या किल्लीने अक्षर-अक्षर उतरवून काढायचे. जुनी लिपी जाणणारी शेवटची व्यक्ती गेल्यावर हे काम सुरूच करता येत नाही. शिवाय नवी प्रत तयार झाली तरी जुनी प्रत कोठेतरी शिल्लक राहतेच आणि ती जुन्याच किल्लीने उघडते.

आजच्या डेटाबेसमध्येही नेमके हेच घडते. एसक्यूएलसायफरसारख्या प्रणालीत 'रीकी' ही आज्ञा देण्यापूर्वी डेटाबेस जुन्या पासवर्डने उघडावा लागतो. त्यानंतर त्याचे प्रत्येक पान नव्या किल्लीने पुन्हा कूटबद्ध होते. दुसऱ्या पद्धतीत माहितीची किल्ली वेगळी असते आणि पासवर्ड केवळ त्या किल्लीवरचे आवरण असतो. लिनक्सवरील लक्स ही डिस्क कूटबद्ध करणारी व्यवस्था अशीच चालते. येथे पासवर्ड क्षणात बदलतो, कारण मूळ माहितीला हातच लागत नाही. हा सोयीचा भाग झाला. परंतु आतली किल्ली एकदा उघड झाली असेल, तर आवरण बदलून काही साधत नाही. सर्व मजकूर नव्याने कूटबद्ध करावा लागतो. जुन्या पासवर्डाने घेतलेल्या बॅकअप प्रती तर दोन्ही पद्धतींत मागे राहतात. संस्थांच्या कारभारात दुर्लक्ष होते ते बहुधा याच प्रतींकडे.

म्हसवडचा एक संदर्भ येथे अप्रस्तुत ठरू नये. १९९७ साली तेथे स्थापन झालेल्या माणदेशी महिला सहकारी बँकेचा परवान्यासाठीचा पहिला प्रस्ताव, प्रवर्तक स्त्रिया निरक्षर असल्याच्या कारणावरून नाकारला गेला होता. निरक्षराची ओळख म्हणून जो अंगठा कमी लेखला गेला, तोच पुढे ओळख पटवण्याचे आधुनिक साधन बनला. मात्र अंगठ्याच्या ठशाची प्रत चोरीला गेली तर पासवर्डाप्रमाणे तो बदलता येत नाही. या बाबतीत तो सकळ लिपीच्या जवळचा आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे आणि वि. ल. भावे यांच्या प्रयत्नांतून सकळ लिपीची किल्ली अभ्यासकांपुढे आली. तोवर पोथ्या दूरदूर पसरल्या होत्या आणि त्या पुन्हा नव्या लिपीत उतरवणे कोणालाही शक्य नव्हते. एका तक्त्याने त्या सर्व एकदमच वाचनीय झाल्या. आय. एम. पी. रेसाईड यांनी १९७० साली या लिपीवर स्वतंत्र निबंध लिहिला. वि. भि. कोलते यांनी संपादित केलेले 'लीळाचरित्र' १९७८ साली बालबोध लिपीत प्रसिद्ध झाले आणि ज्या स्त्रियांसाठी नागदेवाचार्यांनी मराठीचा आग्रह धरला होता, त्यांच्या लेकीसुनांना ते दीक्षेवाचून वाचता येऊ लागले.